निगेटिव्ह एन्लार्जरखाली की स्कॅनरवर? घरी दोन्ही कामं कोणत्या क्रमानं करायची

डेव्हलप केलेल्या फिल्मवरची उलटी प्रतिमा म्हणजे निगेटिव्ह. ती एन्लार्जरनं, म्हणजे तिच्यातून प्रकाश टाकून चित्र मोठं करणाऱ्या यंत्रानं, पेपरवर छापता येते किंवा स्कॅन करता येते. स्कॅन सपाट, म्हणजे काळं-पांढरं न उठणारा, दिसला की फिल्मला दोष द्यायचा आणि प्रिंट करडी आली की पेपरला. ही दोन्ही निदानं बहुतेक वेळा चुकीची असतात. घोळ असतो तो कामाच्या क्रमात. स्कॅन करणारा स्कॅनरच्या खिडकीतच चित्र खुलवायला जातो. प्रिंट करणारा प्रकाशाचा वेळ आणि ग्रेड, म्हणजे फिल्टरनं ठरणारा काळ्या-पांढऱ्यातला फरक, एकदम बदलतो आणि मग कशामुळे काय झालं हे त्याला कळत नाही.

एक गोष्ट आधी पक्की करा. स्कॅन हा कच्चा माल आहे, तो सपाटच असायला हवा. प्रिंट ही तयार वस्तू आहे, ती सपाट आली तर काम अर्धवट राहिलंय. एका पद्धतीत मुरलेला माणूस दुसरीकडे वळला की नेमका इथेच गोंधळतो.

खालचं सगळं कृष्णधवल फिल्म धरून लिहिलं आहे. रंगीत फिल्मचं वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: निगेटिव्ह डोळ्यांनी वाचा

लाइट टेबल नसेल तर टॅबलेटवर पांढरा पडदा उघडा आणि त्यावर थोडं उंच दुधी अ‍ॅक्रिलिक ठेवा. पडद्याचे पिक्सेल दिसेनासे होतील. वर भिंग धरा.

चेहरा किंवा विषय सध्या बघूच नका. आधी सावलीचा भाग बघा, म्हणजे निगेटिव्हमधला सगळ्यात पारदर्शक भाग. तो दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीइतकाच स्वच्छ असेल तर तिथे काही उमटलेलंच नाही, आणि ते नंतर कुठूनही येणार नाही. मग फिल्मच्या काठावरचे आकडे आणि अक्षरं बघा. ती कारखान्यातच उमटवलेली असतात, त्यांचा तुमच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नसतो. आकडे ठळक आणि चित्र विरळ असेल तर कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. आकडेही फिके असतील तर डेव्हलपिंग कमी झालं. नुसतं हे बघितलं तरी पुढच्या रोलला नेमकं काय बदलायचं ते कळतं.

सगळ्यात दाट भागासाठी जुनी युक्ती आहे. निगेटिव्ह छापील मजकुरावर ठेवा. दाट भागातून अक्षरं जेमतेम वाचता आली तर घनता ठीक आहे. अक्षरं पार गडप झाली तर ती जास्त आहे.

यावरूनच वाट ठरते:

- विरळ निगेटिव्ह: स्कॅन करा. सॉफ्टवेअर त्यातल्या छटा ताणून बाहेर काढतं. पेपरवर हीच निगेटिव्ह ग्रेड ५ लावूनही मळकट येऊ शकते.
- दाट निगेटिव्ह: एन्लार्जरखाली न्या. तिथे फक्त वेळ वाढवायची असते. साधे स्कॅनर दाट भागात अडखळतात आणि आकाशात खरखर दिसते.
- रंगीत निगेटिव्ह: स्कॅनच बरा. रंगीत पेपर पूर्ण अंधारात हाताळावा लागतो. रसायनांचं तापमान काटेकोर सांभाळायचं आणि शिवाय पिवळ्या-मजेंटा फिल्टरचा हिशोब करत बसायचं. पहिल्या वर्षी हे अंगावर घेऊ नये असं माझं मत आहे.
- स्लाइड: स्कॅन.

इशारा: कित्येक वर्षं फक्त स्कॅन करणाऱ्याला आपण सतत कमी प्रकाश देतोय याचा पत्ताच नसतो, कारण सॉफ्टवेअर दरवेळी सावरून घेतं. एन्लार्जर घेतल्यावर पहिल्याच दिवशी ते उघडं पडतं. तुमच्या प्रत्येक रोलला ग्रेड ४ किंवा ५ लागत असेल तर आधी डेव्हलपिंगचा वेळ १०-१५ टक्के वाढवून बघा.

## टप्पा २: धूळ

फुग्याच्या ब्लोअरनं हवा मारा, मग मऊ अँटीस्टॅटिक ब्रश फिरवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे बारीक शिंतोडे इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या चित्र असलेल्या थरावर, वाळून बसतात. शर्टाच्या टोकानं पुसणाऱ्यांना काय सांगावं! पाण्याचे वाळलेले डाग असतील तर पट्टी पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवा, शेवटी वेटिंग एजंटच्या (थेंब साचू न देणाऱ्या द्रवाच्या) पाण्यात बुडवा आणि लटकवून वाळवा. खरवडू नका.

तपासणी: स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड धूळ-सफाईची सोय असेल तर कृष्णधवल फिल्मसाठी ती बंद आहे ना, ते बघा. चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात, त्यामुळे स्कॅनर चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतो. सी-४१ या रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेतून निघणाऱ्या फिल्मला मात्र ही सोय चालते, मग ती रंगीत असो की इलफर्ड एक्सपी२ सारखी कृष्णधवल.

## टप्पा ३: आधी सगळ्या रोलची कॉन्टॅक्ट शीट

३६ च्या ३६ फ्रेम कमाल रिझोल्यूशनला स्कॅन करणं हा वेळ घालवण्याचा खात्रीशीर मार्ग आहे. आधी एक कॉन्टॅक्ट शीट (पट्ट्या थेट पेपरवर ठेवून सगळ्या फ्रेमची एकच प्रिंट) काढा किंवा पट्ट्या काचेवर मांडून कमी रिझोल्यूशनचा एकच स्कॅन घ्या, आणि त्यातून दोन-तीन फ्रेम निवडा.

डार्करूममधली कॉन्टॅक्ट शीट आणखी एका कामाला येते. पेपरवर पट्टी ठेवताना इमल्शन इमल्शनकडे असू द्या, म्हणजे फिल्मची मंद बाजू खाली आणि पेपरची चमकदार बाजू वर. वर काच ठेवा, ग्रेड २ लावा आणि टप्प्याटप्प्यानं वाढता वेळ द्या. डेव्हलप करून वाळल्यावर कोरी फिल्म आणि तिच्या काठाची भोकं यांचा काळा रंग बघा. ज्या पहिल्या टप्प्यावर हे दोन काळे वेगळे ओळखू येत नाहीत, तोच तुमचा वेळ. एन्लार्जरची उंची आणि लेन्सचं छिद्र न बदलता दर कॉन्टॅक्ट शीट याच वेळेला काढा. आता शीटवर जी फ्रेम काळपट दिसेल तिला कॅमेऱ्यात कमी प्रकाश मिळालाय आणि जी फिकी दिसेल तिला जास्त. स्कॅनमधल्या स्वयंचलित उजळपणामुळे हीच माहिती पुसली जाते.

# पहिली वाट: डार्करूम

## टप्पा ४: खोली आणि सेफलाइट

न्हाणीघर चालेल, खिडकीची खोलीही रात्री चालेल. दार लावा, दिवे घालवा आणि पाच मिनिटं नुसते बसा. सुरुवातीला काहीच दिसत नाही, डोळे सरावले की दाराखालची फट आणि कुलपाचं भोक दिसायला लागतं. ती बुजवा.

जागेचे दोन भाग करा. एकीकडे एन्लार्जर, पेपर आणि टायमर, हा कोरडा भाग. दुसरीकडे ट्रे. ओला हात कोरड्या भागात जाता कामा नये. वीज आणि पाणी जवळजवळ असल्यानं हा नियम केवळ पेपर वाचवण्यापुरता नाही.

सेफलाइट, म्हणजे पेपरवर परिणाम न करणारा मंद दिवा, पेपरपासून सव्वा मीटर तरी लांब ठेवा आणि नाण्याची चाचणी करा. पेपरला एन्लार्जरखाली आधी अगदी थोडा प्रकाश द्या, डेव्हलप केल्यावर फिका करडा येईल इतकाच. मग त्यावर नाणी ठेवून सेफलाइटखाली पाच मिनिटं राहू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याच्या जागी फिकट गोल दिसला तर दिवा सुरक्षित नाही. बरेच जण कोऱ्या पेपरवरच चाचणी करतात आणि ती फसवी ठरते. कोऱ्या पेपरला थोडा प्रकाश पचतो. आधीच प्रकाश मिळालेल्या पेपरला तेवढाच प्रकाश पुरतो आणि उजळ भाग मळतात.

रसायनं २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. ट्रेंचा क्रम डेव्हलपर (चित्र उमटवतो), स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवतो), फिक्सर (चित्र पक्कं करतो), पाणी. प्रत्येक ट्रेचा चिमटा वेगळा. फिक्सरचा चिमटा डेव्हलपरमध्ये बुडाला तर तो डेव्हलपर टाकून द्या. हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा, आणि ट्रे किंवा मोजपात्रं स्वयंपाकघरात परत जाता कामा नयेत.

सुरुवात आरसी, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेल्या पेपरनं करा. इलफर्डची रसायनं आणि पेपर धरले तर ठोकताळा असा: मल्टिग्रेड डेव्हलपर १+९ (एक भाग रसायन, नऊ भाग पाणी) ला ६० सेकंद, स्टॉप १० सेकंद, रॅपिड फिक्सर १+४ ला ३० सेकंद, वाहत्या पाण्यात २ मिनिटं. दुसऱ्या कंपनीचं असेल तर बाटलीवरचे आकडे पाळा. फायबर, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेला, पेपर पाण्यात तासभर तरी धुवावा लागतो. त्याच्या वाटेला नंतर जा.

## टप्पा ५: एन्लार्जरची मांडणी

निगेटिव्हची मंद बाजू खाली. ३५ मिमी फिल्मसाठी ५० मिमी लेन्स, ६×६ साठी ८० मिमी.

दिवा लावून अर्धा मिनिट थांबा. उष्णतेनं निगेटिव्ह किंचित फुगते, आणि फोकस त्याआधी केला असेल तर तो सरकतो. ईझलवर, म्हणजे पेपर धरणाऱ्या चौकटीवर, त्याच जाडीचा रद्दी पेपर ठेवा, लेन्स पूर्ण उघडा आणि ग्रेन फोकसरमधून (फिल्मचे कण मोठे दाखवणाऱ्या भिंगातून) बघा. चित्राच्या कडेवर फोकस करू नका, ग्रेनवर करा. फोटोच मुळात हललेला असेल तरी ग्रेन धारदार असतो. मग छिद्र दोन-तीन स्टॉप बंद करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). एफ २.८ ची लेन्स असेल तर एफ ५.६ किंवा एफ ८.

तपासणी: फोकसर चारही कोपऱ्यांत फिरवा. एका कोपऱ्यात ग्रेन विरघळलेला दिसला तर एन्लार्जरचं डोकं आणि ईझल समांतर नाहीत. छिद्र आणखी बंद करून हे झाकता येतं, पण पातळी लावणंच योग्य.

## टप्पा ६: टेस्ट स्ट्रिप

टेस्ट स्ट्रिप म्हणजे योग्य वेळ शोधायला टप्प्याटप्प्यानं वेगवेगळा वेळ दिलेली पेपरची पट्टी. सगळ्यात जास्त पेपर इथे वाया जातो आणि तो वाचतोही इथेच.

पहिली चूक म्हणजे ५, १०, १५, २०, २५ सेकंद असे टप्पे. ५ ते १० मध्ये प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे पूर्ण एक स्टॉप. २० ते २५ मध्ये जेमतेम एक तृतीयांश स्टॉप. त्यामुळे स्ट्रिपच्या एका टोकाला उडी आणि दुसऱ्या टोकाला तीन पट्ट्या जवळपास सारख्या. त्याऐवजी अर्ध्या स्टॉपचे टप्पे घ्या: ८, ११, १६, २३, ३२. करायचं असं:

१. अख्ख्या पट्टीला ८ सेकंद.
२. पट्टीचा एक पंचमांश भाग पुठ्ठ्यानं झाका, बाकीच्याला आणखी ३ सेकंद.
३. पुठ्ठा पुढे सरकवा, ५ सेकंद.
४. पुन्हा सरकवा, ७ सेकंद.
५. शेवटच्या हिश्शाला ९ सेकंद.

दुसरी चूक पट्टी ठेवण्याच्या जागेची. एका टप्प्यात आकाश, दुसऱ्यात झाड आणि तिसऱ्यात भिंत आली तर तुलना कशाची करणार? चित्रातला सगळ्यात महत्त्वाचा उजळ भाग शोधा, ढग असेल, गालाचा उजेडातला भाग असेल, पांढरा सदरा असेल. तो प्रत्येक टप्प्यात थोडा तरी येईल अशी पट्टी आडवी किंवा तिरकी ठेवा.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होते. पट्टी ट्रेमध्ये काळी पडताना दिसली की लोक घाबरून ती २५-३० सेकंदांतच उचलतात. सेफलाइटखाली प्रिंट आहे त्यापेक्षा काळी दिसते. घाईनं उचललेल्या पेपरवर काळा रंग भरतच नाही आणि करडे डाग राहतात. पूर्ण ६० सेकंद ट्रे हलवत राहा. काळी आली तर पुढच्या वेळी प्रकाश कमी द्या, डेव्हलपिंग नाही.

फिक्स झाल्यावर पांढऱ्या उजेडात बघा. आधी फक्त उजळ भाग बघायचा. पहिल्या टप्प्यात सदरा कोऱ्या कागदासारखा असेल. पुढे सरकताना एका टप्प्यावर कॉलरची शिवण आणि कापडाची वीण हलकेच उमटलेली दिसेल. तोच वेळ धरा. काळ्या भागाकडे तोवर बघूच नका.

वेळ ठरली की त्याच टप्प्यातला काळा भाग बघा. केस राखाडी दिसतात? ग्रेड अर्ध्यानं किंवा एकानं वाढवा. केसांचा नुसता काळा गोळा झालाय? ग्रेड उतरवा. वेळ उजळ भाग ठरवतो आणि ग्रेड काळा. हा क्रम उलटा केला की माणूस गोल गोल फिरत राहतो.

इलफर्डच्या मल्टिग्रेड फिल्टरमध्ये ०० ते ३½ ला वेळ तोच ठेवायचा आणि ४ ते ५ ला दुप्पट करायचा, असा नियम आहे. पण ही जुळणी मधल्या करड्या छटेला धरून असते. म्हणून ग्रेड बदलल्यावर उजळ भाग थोडा सरकतोच. छोटी स्ट्रिप पुन्हा काढा.

## टप्पा ७: पूर्ण प्रिंट, मग डॉजिंग-बर्निंग

आधी काहीही न करता सरळ प्रिंट काढा आणि पाठीवर पेन्सिलीनं वेळ, छिद्र, ग्रेड आणि एन्लार्जरची उंची लिहा. पहिल्याच प्रिंटला हात फिरवायला लागलात तर दोष मूळ वेळेचा की हाताचा हे कळत नाही.

मग ठरवा. आकाश कोरं असेल तर तिथे जास्तीचा वेळ द्या (बर्निंग), चेहरा अंधारात असेल तर तिथला प्रकाश थोडा अडवा (डॉजिंग). हिशोब मूळ वेळेच्या हिश्शात ठेवा: आकाशाला अर्धा वेळ जादा, चेहऱ्यावरून पाव वेळ कमी. प्रिंटचा आकार बदलला तरी प्रमाण कामी येतं. पुठ्ठा सतत हलता ठेवा, नाहीतर त्याची कड छापून येईल.

फायबर पेपर वाळल्यावर थोडा गडद होतो. ओली प्रिंट अगदी मनासारखी दिसली तर वाळल्यावर ती जड वाटेल. वेळ ५ ते १० टक्के कमी करा.

फिक्सरची तपासणी: फिल्मच्या टोकाचा कोरा, डेव्हलप न केलेला तुकडा त्यात टाका. ताज्या फिक्सरमध्ये तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागत होता त्याच्या दुप्पट लागला की फिक्सर संपला. फिल्मचा आणि पेपरचा फिक्सर वेगवेगळा ठेवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो मोरीत किंवा झाडांना ओतू नका, साठवून ठेवा आणि रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

# दुसरी वाट: स्कॅन

## टप्पा ८: किती रिझोल्यूशन हवं ते मोजून घ्या

३५ मिमी फ्रेमची लांबी ३६ मिमी. २४०० पीपीआयला (दर इंचाला पिक्सेल) त्यातून साधारण ३४०० पिक्सेल मिळतात आणि ३०० पीपीआयनं छापल्यास ११ इंची प्रिंट होते. बहुतेकांना याहून जास्त लागत नाही. फ्लॅटबेडच्या (सपाट काचेच्या स्कॅनरच्या) खोक्यावर ६४०० लिहिलेलं असतं, पण लेन्स तेवढा तपशील पकडत नाही. वाढते ती फक्त फाइल.

फ्लॅटबेड मध्यम फॉरमॅटला (६×६ सारख्या) छान. ३५ मिमीसाठी खास फिल्म स्कॅनर किंवा मॅक्रो लेन्सचा कॅमेरा बरा. भरपूर रोल असतील तर मी कॅमेराच सुचवीन, एकदा मांडणी जमली की फ्रेमला काही सेकंद लागतात.

## टप्पा ९: फ्लॅटबेडवर

- फिल्म वाकलेली असेल तर स्लीव्हमध्ये घालून जड पुस्तकाखाली काही दिवस ठेवा. वाकडी फिल्म म्हणजे मध्ये धारदार आणि कडेला धूसर.
- फिल्मची चमकदार बाजू काचेला टेकली तर रंगीत कडी, म्हणजे न्यूटनची वलयं, उठतात. होल्डर वापरा किंवा अँटी-न्यूटन काच.
- होल्डरची उंची बदलता येत असेल तर एकच फ्रेम तीन उंचींवर स्कॅन करून ग्रेन बघा.
- १६ बिट, टिफ. शार्पनिंग बंद, ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो कॉन्ट्रास्ट बंद.
- हिस्टोग्रामच्या, म्हणजे छटांच्या आलेखाच्या, दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोडा. चित्र धुतल्यासारखं दिसेल, दिसू द्या.

## टप्पा १०: कॅमेऱ्यानं स्कॅन

समांतरता सगळ्यात आधी. फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा सरळ आहे. लेव्हलच्या बुडबुड्यापेक्षा हे जास्त अचूक ठरतं.

फ्रेमभोवतीचा प्रकाश काळ्या पुठ्ठ्यानं झाका. उघडा राहिलेला प्रकाश लेन्समध्ये शिरून चित्र धुरकट करतो. खोलीतला दिवाही घालवा, फिल्मच्या चमकदार बाजूवर त्याचं प्रतिबिंब पडतं. रंगीत फिल्मसाठी दिव्याचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त हवा, कृष्णधवलला तो तितका महत्त्वाचा नाही.

रॉ फाइल, सगळ्यात कमी मूळ आयएसओ, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर. लाइव्ह व्ह्यू मोठा करून ग्रेनवर फोकस करा आणि ऑटोफोकस बंद करा.

एक्स्पोजर दोन फ्रेममधल्या कोऱ्या फिल्मवरून ठरवा. निगेटिव्हमध्ये सगळ्यात उजळ तीच असते. ती हिस्टोग्रामच्या उजव्या टोकाला कापली जाण्याआधी थांबा. यामुळे दाट भागातून, म्हणजे चित्रातल्या आकाशातून, जास्तीत जास्त प्रकाश मिळतो. एकदा ठरलं की पूर्ण रोल त्याच एक्स्पोजरला. रंगीत फिल्म असेल तर व्हाइट बॅलन्सही त्याच नारिंगी पट्टीवरून घ्या आणि रोलभर बदलू नका.

इशारा: दर फ्रेमला ऑटो ठेवलंत तर एकाच दुपारचे चार फोटो चार ऋतूंतले वाटतील.

## टप्पा ११: उलटवणं आणि पुढचं काम

मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. आधी उलटवा. मग उजळ आणि काळं टोक बसवा, दोन्हीकडे काही कापलं जात नाही हे बघत. त्यानंतर कर्व्हनं मधल्या छटा, मग धूळ, मग ठरावीक भाग उजळ-गडद करणं. शार्पनिंग अगदी शेवटी, प्रिंटचा किंवा स्क्रीनचा आकार ठरल्यावर. ते आधी केलंत तर धूळ आणि ग्रेनच धारदार होतात.

## टप्पा १२: स्कॅनवरून प्रिंटकडे

स्कॅन हा प्रिंटचा उत्तम आराखडा होतो. क्रॉप कुठे करायचा, आकाश किती दाबायचं, हे स्क्रीनवर आजमावा आणि छोट्या कागदी प्रतीवर पेन्सिलीनं खुणा करून अंधारात न्या. ८×१० चा पेपर वापरणार असाल तर ३५ मिमी फ्रेमच्या लांबीतून काही भाग कापला जातो, हेही इथेच बघून घ्या.

पण स्क्रीनवरची चमक पेपरवर शोधू नका. स्क्रीन स्वतः उजळते, पेपरला पांढरं म्हणजे फक्त कागद. सॉफ्टवेअरनं सावलीतून ओढून काढलेला तपशील ग्रेड २ वर आला नाही म्हणून ग्रेड कमी करत गेलात तर सगळी प्रिंट राखाडी होते. तिथे सावली काळी राहू द्या.

रोल क्रमांक आणि फ्रेम क्रमांक स्लीव्हवर, प्रिंटच्या पाठीवर आणि फाइलच्या नावात एकच ठेवा. पुन्हा प्रिंट काढायची वेळ आली की पाठीवरचे आकडे कोणत्या निगेटिव्हचे आहेत ते शोधत बसावं लागणार नाही.